सीएनजी गाडी घाटात झटके देते: स्पार्क प्लग घरी बदलावेत का?

वाशिष्ठीकाठचा | शुक्र, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो. आज अडलं म्हणून लिहितोय.

गाडी २०१५ ची, छोटी, तीन सिलिंडर, सीएनजी कंपनीतूनच बसवलेला. मॉडेल मुद्दाम सांगत नाही. मागे एकाने सांगितलं तर धागा 'मुळात ही गाडी घेतलीतच का' इथे जाऊन पोचला होता. किलोमीटर ६८ हजार. सर्व्हिसचे सगळे कागद काढून बघितले, प्लग बदलल्याची नोंद एकातही नाही.

त्रास असा. चिपळुणात गाडी एकदम शहाण्यासारखी वागते. पण पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाट लागला आणि तिसऱ्यात जरा पाय दाबला की धक्के सुरू. कोणीतरी मागून खेचतंय असं वाटतं. बटण दाबून पेट्रोलवर घेतली की बंद. गेल्या रविवारी कराडला सासुरवाडीला जाताना चेक इंजिनचा दिवा दोन-चार वळणं लुकलुकला आणि विझला. बायको म्हणाली, गाडीलाही तुमच्यासारखंच यायचं नाहीये.

गॅरेजमध्ये बॉनेट उघडून, आवाज ऐकून, कशालाही हात न लावता आकडा मिळाला: तीन कॉइल, तीन प्लग, मजुरी, एकूण साडेनऊ हजार. घरी येऊन बघितलं तर एकेका कॉइलला एकच बोल्ट दिसतोय. माझ्याकडे एक बरा गोटी (सॉकेट) सेट आहे, वडिलांचे जुने पाने आहेत आणि पाऊस लागणार नाही अशी पडवी आहे. उद्या-परवा सुट्टी. घरी करण्यासारखं काम आहे का, की हात भाजून घेईन?

डिझेलभक्त | शुक्र, रात्री ९:५२

म्हणून म्हणतो डिझेल घ्या. प्लगच नको.

रॅचेट | शुक्र, रात्री १०:०५

@डिझेलभक्त, डिझेलला ग्लो प्लग असतात आणि ते हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, अडकून मोडले की माणूस रडतो. असो.

@वाशिष्ठीकाठचा, करण्यासारखं आहे. पण आधी गाडी काय सांगतेय ते ऐका, कारण तुम्ही लक्षणं फार नेमकी दिली आहेत.

प्लगच्या टोकाला दोन धातूंमध्ये मिलिमीटरभर फट असते. त्या फटीतून ठिणगी उडवायला कॉइल वीस-पंचवीस हजार व्होल्ट तयार करते. किती व्होल्ट लागतील हे दोन गोष्टींवर ठरतं: फट किती रुंद आहे आणि त्या क्षणी सिलिंडरमध्ये दाब किती आहे. सपाटीवर पाय हलका असतो, हवा कमी आत जाते, दाब कमी, ठिणगी सहज उडते. घाटात पाय दाबलात की सिलिंडर भरून हवा जाते, दाब वाढतो आणि तीच फट ओलांडायला बराच जास्त व्होल्टेज लागतो. त्यात सीएनजी. पेट्रोलच्या मिश्रणापेक्षा गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला मुळातच जास्त जोर लागतो. म्हणजे घाट अधिक गॅस अशी दुहेरी परीक्षा तुम्ही घेताय आणि गाडी फक्त त्याच पेपरात नापास होतेय. इंधनाच्या पंपाचा दोष असता तर पेट्रोलवर झटके आले असते.

प्लगची फट वापराने झिजून रुंदावते. ६८ हजार हे साध्या निकेलच्या प्लगसाठी जास्तच आहे. तुमच्या पुस्तिकेत बहुधा ४० हजारांच्या आसपासचा आकडा असेल, बघा. इरिडियमचे असते तर लाखापर्यंत गेले असते.

अजून एक. दिवा नुसता लागणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकतो तेव्हा मिसिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन न पेटणं, इतकं आहे की न जळलेलं इंधन सायलेन्सरकडे जातंय आणि तिथे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतोय. तो गेला तर साडेनऊ हजार स्वस्त वाटतील. घाटात पुन्हा लुकलुकला तर पाय काढा, पेट्रोलवर घ्या.

सातवा_मजला | शुक्र, रात्री १०:३१

हे सगळं इथेनॉलमुळे. आमच्याकडे इ२०, वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, यायला लागल्यापासून...

रॅचेट | शुक्र, रात्री १०:३३

त्यांची गाडी पेट्रोलवर नीट चालते आणि सीएनजीवर झटके देते. सीएनजीत इथेनॉल कोणी घातलं?

सातवा_मजला | शुक्र, रात्री १०:३४

भापो (भावना पोचल्या). मी आपलं सवयीने लिहिलं.

गोटीपाना | शुक्र, रात्री ११:१५

इचलकरंजीत बारा वर्षं गॅरेज आहे माझं, म्हणून थोडं लांब लिहितो. घरी करू नका असं म्हणणार नाही. पण गॅरेजमध्ये आमच्याकडे जी कामं बिघडवून येतात त्यात प्लगच्या आट्यांचं काम दर दोन-तीन महिन्यांनी एक असतंच. प्लग दीडशे रुपयाचा, हेड ॲल्युमिनियमचं. आटे गेले की हेड उतरवा, लेथवर न्या, नवीन आट्याची वेटोळी बसवा. तेव्हा घाई नाही.

इंजिन पूर्ण गार पाहिजे. रात्रभर उभी ठेवा, सकाळी करा. चावी काढून खिशात. गॅसचा वास येत असेल तर काम सुरूच करू नका, टाकीचा वॉल्व्ह बंद करून आधी ते दाखवा.

कॉइलचं कनेक्टर काढताना वायरला धरून ओढायचं नाही. छोटी खिट्टी असते, ती दाबून काढायची. दहा वर्षांत ते प्लास्टिक पापडासारखं झालेलं असतं, जोर केला की तुकडा हातात. १० ची गोटी लावून कॉइलचा बोल्ट काढा, मग कॉइल डावी-उजवी थोडी फिरवत सरळ वर घ्या. ज्या नंबरची तिथेच परत लावायची, मार्करने १, २, ३ लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॉइल काढली की प्लग खोल विहिरीच्या तळाशी दिसतो. त्या विहिरीत माती, वाळू, पानाचे तुकडे, झुरळसुद्धा असतं. प्लग काढला की ते सगळं सरळ सिलिंडरमध्ये पडतं. म्हणून प्लग सैल करण्याआधी हवा मारायची. कॉम्प्रेसर नसेल तर सायकलचा पंप आणि त्याला लांब नळी. डोळे सांभाळा, कचरा उसळून तोंडावर येतो.

प्लगची गोटी आतून रबर किंवा चुंबक असलेलीच घ्या. मापं १४, १६, १८, २१ अशी असतात. तुमच्या गाडीला १६ असावी पण लावून बघा, ढिली लावून फिरवू नका. साध्या गोटीत प्लग धरत नाही आणि वर काढताना पडतो. पडलेला नवा प्लग मी गाडीला लावत नाही. आतली चिनीमाती तडकलेली बाहेरून दिसत नाही.

एका वेळी एकच प्लग. तिन्ही भोकं उघडी ठेवून चहाला जायचं नाही.

चोक_ओढा | शनि, सकाळी ७:०५

वा, सकाळी सकाळी छान धागा. आमच्या काळी प्लग बदलणं हे काम नव्हतंच, तो नित्यक्रम होता. टू-स्ट्रोक स्कूटरच्या डिकीत प्लगपाना, एक जास्तीचा प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा, एवढं असल्याशिवाय पुण्याहून साताऱ्याला निघायचो नाही. तेलपेट्रोल एकत्र जळायचं, त्यामुळे प्लगच्या टोकावर काजळीचा पूल बांधला जायचा. गाडी खंबाटकीत बंद. प्लग काढायचा, घासायचा, फुंकायचा, लावायचा, एक किक. मागे बसलेली मंडळी तेवढ्यात दोन भजी खाऊन घ्यायची.

वाशिष्ठीकाठचा, एक सोपी युक्ती सांगतो. प्लग काढून कॉइलला लावा, प्लगचं अंग इंजिनच्या लोखंडाला टेकवा आणि कोणालातरी स्टार्टर मारायला सांगा. निळी ठिणगी दिसली की प्लग चांगला. दीडशे रुपयेही वाचतील.

गोटीपाना | शनि, सकाळी ७:४०

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, हे करू नका. त्या वेळच्या स्कूटरला चालायचं. आताची कॉइल नीट टेकली नाही तर वीज जायला दुसरी वाट शोधते, कधी कॉइलमधूनच, कधी तुमच्या बोटांतून. आणि प्लगचं भोक उघडं असताना स्टार्टर मारला की तिथून गॅसचं मिश्रण बाहेर येतं. शेजारी तुम्ही ठिणगी पाडताय. सीएनजी गाडीवर तर नकोच.

रॅचेट | शनि, सकाळी ७:५८

शिवाय त्याने कळत काहीच नाही. बाहेर मोकळ्या हवेत ठिणगी उडवायला थोडा व्होल्टेज पुरतो. आत दाबाखाली तोच प्लग नापास होतो. हा त्रासही तसाच आहे, बाहेर पास आणि घाटात नापास.

चोक_ओढा | शनि, सकाळी ८:१०

पटलं. वयानुसार ज्ञानही जुनं होतं. भजी मात्र अजून तशीच मिळतात.

वाशिष्ठीकाठचा | शनि, सकाळी ११:२०

पडवीतून थेट प्रक्षेपण.

हवा मारली. गोटीपानांनी झुरळ म्हटलं होतं, माझ्याकडे गोमेचं कलेवर निघालं. पहिला प्लग: कट् असा आवाज आला आणि मग हाताने फिरला. दुसरा: तसाच. तिसरा हलत नाही. तिसऱ्याच्या विहिरीच्या भिंतीवर तांबूस डाग आहेत, प्लगच्या षट्कोनावर गंज आहे. वडिलांनी पाईप आणून दिलाय, रॅचेट पान्याच्या दांड्यावर चढवून जोर लावू म्हणतात. लावू का?

गोटीपाना | शनि, सकाळी ११:२२

नाही!! पाईप खाली ठेवा.

कैरीचं_पन्हं | शनि, सकाळी ११:२३

वडिलांना चहा द्या आणि पाईप लपवा.

रॅचेट | शनि, सकाळी ११:३१

गंज सोडवायचा फवारा मिळतो तो विहिरीत थोडासाच मारा, अर्धा तास थांबा. मग इंजिन पाच मिनिटं कोमट करून बघा. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावतं, पकड थोडी सैल होते.

गोटीपाना | शनि, सकाळी ११:४४

मी गार इंजिनवालाच. कोमट आणि गरम यातला फरक नवख्या हाताला कळत नाही. गरम हेडचे आटे मऊ पडलेले असतात, प्लग येतो आणि सोबत आटे घेऊन येतो. शिवाय त्यांनी दोन प्लग काढलेत, इंजिन चालू करायचं तर ते परत लावावे लागतील.

फवारा मारा, पण आज दिवसभर राहू द्या. पहिले दोन परत हाताने लावून ठेवा, भोकं उघडी नकोत. संध्याकाळी बघा. सुटण्याच्या दिशेने पाव फेऱ्याहून कमी, मग परत आत, मग परत बाहेर. किर्र आवाज आला की थांबा, आत घ्या, थेंबभर फवारा, परत. काढायला वीस मिनिटं लागली तर लागू देत.

रॅचेट | शनि, सकाळी ११:५०

दिवसभर वेळ असेल तर तुमचंच बरोबर. माझं उत्तर घाईतल्या माणसासाठी होतं.

कैरीचं_पन्हं | शनि, दुपारी १:३०

तोवर माझं अवांतर. सांगलीत स्कूटर चालवते. पावसाळ्यात सकाळी सेल्फ मारमारून बॅटरी संपायची. शेवटी सीटखालचं छोटं झाकण काढून प्लग बघितला तर तो पेट्रोलने चिंब. पुसला, वाळवला, लावला, लगेच सुरू. हे मी तीन वेळा केलं आणि मग कळलं की प्लगवरची रबरी कॅपच ढिली होती, ओल शिरत होती. कॅप बदलली, प्रश्न मिटला. तर बायांनो आणि बाप्यांनो, कॅपला धरून ओढा, वायरला नाही. आणि स्कूटरचा प्लग बारीक असतो, त्यावर कारच्या हिशोबाने जोर करू नका.

डिझेलभक्त | शनि, दुपारी १:४१

भावाच्या पल्सरला दोन प्लग आहेत. एक विसरून एकच बदलला त्याने.

रॅचेट | शनि, दुपारी २:०२

डीटीएस-आय म्हणजे ट्विन स्पार्कच. पल्सर २०० एनएसला तर तीन असतात. पण या खेळात खरी मजा जुन्या होंडा सिटीला, ती आय-डीएसआय वाली. चार सिलिंडर आणि प्लग आठ. चार पुढून, चार पाठीमागून. पाठचे चार काढताना हात कुठे आहे ते दिसत नाही. एका मित्राची बदलायला घेतली होती, सकाळी नऊला सुरू करून दुपारच्या जेवणापर्यंत पाच झाले होते. तुमचे तीन, तेही वरून दिसणारे, म्हणजे चैन आहे.

वाशिष्ठीकाठचा | शनि, संध्याकाळी ६:५०

आला!!! आटे शाबूत. पस्तीस मिनिटं, आत-बाहेर, आत-बाहेर. शेवटी सुटला तेव्हा वडील पाईप धरून उभेच होते.

आता तिन्ही प्लग वर्तमानपत्रावर मांडून बसलोय. पहिले दोन: टोक फिकट तपकिरी, करड्याकडे झुकणारं. फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजली तर १.३ च्या वर. पुस्तिकेत १.० ते १.१ आहे. तिसरा: टोक तसंच, पण बाहेरच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ आहे. आणि तिन्हींच्या चिनीमातीला खाली धातूजवळ तपकिरी वळं आहे. इथून गॅस गळत होता का? इंजिन गेलं का?

रॅचेट | शनि, संध्याकाळी ७:१५

शांत व्हा. तपकिरी वळ्याला घाबरू नका, ते जवळजवळ प्रत्येक जुन्या प्लगवर असतं. इतक्या मोठ्या व्होल्टेजमुळे भोवतालच्या हवेतले तेलाचे, धुळीचे कण तिथे चिकटतात. कोरोना स्टेन म्हणतात त्याला. गळती नाही.

टोकाचा रंग हा इंजिनचा प्रकृतिअहवाल समजा. फिकट तपकिरी किंवा करडं म्हणजे उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रणात इंधन जास्त किंवा गाडी कायम गल्लीतच फिरते. प्लगचं टोक साधारण साडेचारशे अंशांच्या वर तापलं तरच तो स्वतःची काजळी जाळून टाकतो. ओलसर, तेलकट काळं म्हणजे ऑइल आत येतंय. पांढरंफटक, फोड आल्यासारखं म्हणजे फार तापतोय. तुमचे तिन्ही निरोगी आहेत, फक्त म्हातारे.

ती काळी रेघ मात्र महत्त्वाची. वीज फटीतून उडी मारण्याऐवजी चिनीमातीच्या बाहेरून सरपटत खाली हेडमध्ये गेली, तिची ती पायवाट आहे. कार्बनची आहे आणि कार्बनमधून वीज जाते, म्हणजे एकदा वाट पडली की तीच मळते. विहिरीत गंज आहे म्हणालात. पाणी गेलं होतं का कधी?

वाशिष्ठीकाठचा | शनि, संध्याकाळी ७:२८

दसरा! पूजेसाठी गाडी धुवायला दिली होती. पोराने बॉनेट उघडून इंजिनवर प्रेशरचा पाईप धरला. मी तिथेच उभा होतो आणि वर म्हणालो, अजून जरा स्वच्छ कर. मग आईने हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली.

गोटीपाना | शनि, संध्याकाळी ७:४०

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात अशा मिसिंगच्या गाड्या आमच्याकडे हमखास येतात. खालचा भाग धुवा, चाकं धुवा. इंजिन ओल्या फडक्याने पुसा, देवालाही चालतं.

विहीर कोरडी करा, फडकं बांधलेल्या काडीने गंज पुसा. आटे कोरडे ठेवा, ग्रीस लावू नका. प्लगच्या आट्यांना कंपनीतूनच मुलामा असतो. वरून वंगण लावलं की त्याच जोराला प्लग जास्त आवळला जातो आणि आटे ताणतात.

नवीन प्लग: पुस्तिकेतला नंबर घ्या, जुन्यावरचा नाही. जुना आधीच कोणी चुकीचा लावलेला असू शकतो. बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. नकली फार आहेत. छपाई फिसकटलेली, मधला तार केंद्रात नसलेला, तर परत करा.

सातवा_मजला | शनि, संध्याकाळी ८:०३

नंबरमध्ये ६ ऐवजी ७ मिळाला तर चालतो का? मोठा नंबर म्हणजे जास्त दमदार ना?

रॅचेट | शनि, संध्याकाळी ८:१९

दमदारपणाशी त्याचा संबंध नाही. तो आकडा प्लग उष्णता किती लवकर हेडला देऊन टाकतो ते सांगतो. एनजीकेमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉशमध्ये बरोबर उलटं, मोठा आकडा म्हणजे गरम. म्हणून एका कंपनीचा आकडा दुसरीच्या दुकानात सांगू नका, गाडीचं नाव सांगून तक्ता बघायला लावा. एनजीकेच्या नंबरात शेवटी ९, १० किंवा ११ असेल तर ती फट: ०.९, १.०, १.१ मिमी.

बाहेरून सीएनजी किट बसवलेले बरेच लोक फट ०.७-०.८ पर्यंत कमी करून घेतात, म्हणजे कॉइलवर ताण कमी येतो. कंपनी फिटेड असेल तर पुस्तिकाच प्रमाण. इरिडियमची फट मात्र ठोकून बदलायला जाऊ नका, ते बारीक टोक तुटतं.

वाशिष्ठीकाठचा | शनि, रात्री ९:००

इरिडियम घ्यावे का? पाचपट किंमत.

गोटीपाना | शनि, रात्री ९:१२

घेतलेत तर वाईट नाही. पण तुम्हाला आता काढता येतात. साधे लावा आणि वेळेवर काढा, निदान विहिरीत काय चाललंय ते तरी दिसेल.

लावताना: जुन्या रबरी नळीचा वीतभर तुकडा घ्या, प्लगच्या वरच्या टोकावर दाबून बसवा आणि नळी बोटांनी फिरवत प्लग आत सोडा. आटा तिरका लागला तर नळी प्लगवरच सटकते, आटा खात नाही. रॅचेट पान्याला ते कळत नाही, तो आटा कापतच जातो. पाच-सहा फेरे सहज गेले पाहिजेत. वायसर टेकला असं कळलं की मग पाना, अर्धा फेरा, फार तर थोडा जास्त. टॉर्क रेंच (जोर मोजणारा पाना) असेल तर १४ मिमी आट्याला २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिमीला १५ ते २०. आधी कॅलिपरने आटा मोजा, बारीक प्लगला जाड प्लगचा जोर दिला तर मान मोडते.

वाशिष्ठीकाठचा | रवि, सकाळी ११:४५

झालं. बहादूरशेख नाक्याजवळच्या दुकानातून तीन साधे प्लग आणले, ४६५ रुपये बिलासकट. नळीची युक्ती म्हणजे जादू आहे, आटा बसतो ते बोटांना कळतं. कॉइल ज्याची तिथे. सुरू केली तर आवाजच बदललाय, स्टिअरिंगची थरथर गेली. वडील म्हणाले, ठीक आहे. त्यांच्याकडून ही पद्मश्री समजा. एक १० चा बोल्ट हातातून निसटून खाली कुठेतरी गेला, तसाच नवीन मिळाला.

दुपारी कराडला निघतोय. सर्वांचे मनापासून आभार!

कैरीचं_पन्हं | रवि, दुपारी १२:०१

अभिनंदन! वाखु (वाचनखूण) साठवली.

वाशिष्ठीकाठचा | रवि, रात्री १०:१०

आभार तात्पुरते परत घेतो. घाटात झटके आहेतच. आधीपेक्षा कमी, पण आहेत. हेळवाकपर्यंत पेट्रोलवर नेली. दिवा यावेळी लागला तो लागूनच राहिला. बायकोने काहीही म्हटलं नाही, ते जास्त लागलं.

डिझेलभक्त | रवि, रात्री १०:१२

काही बोलत नाही.

रॅचेट | रवि, रात्री १०:३५

चूक माझी. काळी रेघ बघूनही पुढचं सांगायचं राहिलं. ती वाट एकटी चिनीमातीवर नसते. तिचा जोडीदार कॉइलच्या रबरी बुटाच्या, म्हणजे प्लगवर चढणाऱ्या रबरी नळीच्या, आतल्या भिंतीवर असतो. प्लग नवा लावलात, पण बूट जुनाच, त्यात तीच मळलेली पायवाट. वीज परत तिथूनच उतरणार.

दिवा लागून राहिलाय हे चांगलं झालं, आता कोड मिळेल. ओबीडीचा डोंगल (गाडीतले दोषाचे कोड वाचणारं छोटं यंत्र) कोणाकडे असेल तर फोनला जोडून वाचा. पी०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग. मग तिसरी कॉइल बुटासकट पहिल्यावर लावा, पहिली तिसऱ्यावर. कोड पुसा, घाट चढा. पी०३०१ झाला, म्हणजे दोष कॉइलबरोबर चालत गेला. पी०३०३ च राहिला तर इंजेक्टर, कॉम्प्रेशन, पुढचं सगळं.

वाशिष्ठीकाठचा | बुध, रात्री ८:४५

मेहुण्याच्या ऑफिसातल्या एकाकडे डोंगल निघाला. कोड पी०३०३. कॉइल अदलाबदल केली. आज अर्धी रजा टाकून घाटाच्या चौथ्या वळणापर्यंत गेलो आणि तिथे झटके आले: पी०३०१. एखाद्याला गाडी बिघडल्याचा इतका आनंद झालेला त्या वळणाने पहिल्यांदाच पाहिला असेल.

बुटात टॉर्च मारून बघितलं, आत तीच रेघ. नुसता बूट माझ्या कॉइलला मिळत नाही, आख्खी कॉइल घ्यावी लागली, १,९५०. ती लावली, तीन दिवस रेघेच्या बुटात राहिलेला प्लगही बदलला.

गोटीपाना | बुध, रात्री ९:२०

म्हणजे गॅरेजवाला तीनातला एक बरोबर बोलला होता.

वाशिष्ठीकाठचा | बुध, रात्री ९:२६

हो, तेही कबूल केलं पाहिजे. मी त्याला मनातल्या मनात चोर ठरवून मोकळा झालो होतो. उघडून बघितलं असतं तर एकच सांगितली असती, इतकंच.

चोक_ओढा | गुरु, सकाळी ६:५५

घाट चढलात की नाही ते सांगा.

वाशिष्ठीकाठचा | रवि, रात्री ९:५०

चढलो. चौघंजण, डिकीत नारळाची गोणी, सीएनजीवर, तिसऱ्या गिअरात, ट्रकच्या मागे थांबून पुन्हा उचलली तरी एक झटका नाही. दिवा गप्प. कोयनानगरला थांबून चहा घेतला तेव्हा बायको म्हणाली, आता कारण शोधावं लागेल तुम्हाला.

हरवलेला बोल्टही सापडला. खालच्या प्लास्टिकच्या पत्र्यावर बसून कराडला जाऊन आला होता.

जुने प्लग टाकणार होतो, पण शेजारी पडवीच्या भिंतीचं काम चालू आहे. गवंड्याने त्यातला एक मागून नेला, दोरी बांधून ओळंबा केलाय. तिसराच नेला, रेघवाला. भिंत आत्तापर्यंत तरी सरळ आहे.